कात्रण आणि कादंबरी

१८५६ च्या जानेवारीत ओहायो नदी गोठली होती. केंटकीतली मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री नवरा, मुलं आणि सासू-सासऱ्यांसह त्या बर्फावरून पलीकडे सिनसिनाटीला पोचली. ओहायोत गुलामगिरी नव्हती. पण १८५० च्या फरारी गुलामांबाबतच्या कायद्यानं मालकाला तिथेही येऊन आपली ‘मालमत्ता’ ताब्यात घेण्याचा हक्क दिला होता. घराला वेढा पडल्यावर मार्गारेटनं आपल्या दोनेक वर्षांच्या मुलीचा गळा सुरीनं चिरला, तिला पुन्हा गुलामीत जाऊ द्यायचं नाही म्हणून. मग कायद्यापुढे पेच उभा राहिला. खून माणूस करतो, वस्तू करत नाही. मार्गारेटवर खुनाचा खटला भरायचा तर ती माणूस आहे हे मान्य करावं लागणार होतं. अखेर निकाल मालकाच्या बाजूनं लागला आणि तिला दक्षिणेत परत नेण्यात आलं. तुरुंगात तिला भेटून आलेल्या एका धर्मोपदेशकाचा वृत्तान्त तेव्हा एका ख्रिस्ती नियतकालिकात छापून आला होता. शंभराहून अधिक वर्षांनी त्याचं कात्रण न्यूयॉर्कमधल्या रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत एका संपादिकेच्या हाती आलं. त्या संपादिकेचं नाव टोनी मॉरिसन.

मॉरिसन यांचं चरित्र बहुधा नोबेलच्या दिशेनं चढत जाणाऱ्या जिन्यासारखं सांगितलं जातं. १९३१ साली ओहायोतल्या लोरेन या पोलादाच्या गावात वेल्डरच्या घरी जन्म, हॉवर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांत शिक्षण, घटस्फोट, पदरी दोन मुलगे, पहाटे उठून केलेलं लेखन, १९८८ चं पुलित्झर, १९९३ चं नोबेल. हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. यातलं खोटं काहीच नाही. पण या मांडणीत रँडम हाउसमधली नोकरी पोटापाण्याची सोय म्हणून एका वाक्यात उरकली जाते, जणू ती लेखनाच्या वाटेतली अडचणच होती. मला ही मांडणी चुकीची वाटते. मॉरिसन यांची मोठी कादंबरी ‘बिलव्हेड’ संपादनाच्या कामातून उगवली, आणि ती नोकरी त्यांच्या साहित्यिक आयुष्याचा कणा होती.

१९६५ साली त्या रँडम हाउसच्या पाठ्यपुस्तक विभागात सिरॅक्यूजला रुजू झाल्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या मुख्य कार्यालयात गेल्या. १९८३ पर्यंत त्या तिथे होत्या. या काळात त्यांनी टोनी केड बंबारा यांच्या कथा, गेल जोन्स यांची ‘कॉरेजिडोरा’, अँजेला डेव्हिस आणि मुहम्मद अली यांची आत्मचरित्रं अशी पुस्तकं घडवली. तरुणपणीच पोलिसाच्या गोळीनं मारला गेलेला कवी हेन्री डुमास यांचं लेखन वाचकांपर्यंत आणलं. यातलं सर्वांत विलक्षण पुस्तक मात्र १९७४ चं ‘द ब्लॅक बुक’. मिडलटन हॅरिस आणि त्यांच्यासारख्या हौशी संग्राहकांनी वर्षानुवर्षं जमवलेला ऐवज त्यात आहे: गुलामांच्या लिलावाच्या जाहिराती, कृष्णवर्णीय संशोधकांची पेटंटं, गाण्यांच्या छापील प्रती, छायाचित्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं. नेते आणि तारखा यांच्यापुरता उरलेला इतिहास मॉरिसन यांना नको होता. ज्यांची नावं कुणी टिपली नाहीत त्या माणसांचं रोजचं जगणं हवं होतं. गार्नरचं कात्रण याच पुस्तकाच्या जुळवाजुळवीत समोर आलं.

कात्रण हाती येणं वेगळं आणि त्याचं काय करायचं हे कळणं वेगळं. संपादकाला कागद काय सांगतो याइतकंच तो कुठे थांबतो हेही दिसावं लागतं. त्या वृत्तान्तात मार्गारेटचा शांतपणा नोंदलेला आहे. आपण केलं त्याचा तिला पस्तावा नव्हता, हेही आहे. नाही ते तिचं मन, आणि मेलेल्या मुलीचं म्हणणं तर कुठल्याच दप्तरात असणं शक्य नव्हतं. मॉरिसन यांनी खऱ्या मार्गारेटविषयी आणखी माहिती खणणं मुद्दाम टाळलं. ‘बिलव्हेड’मधली, मार्गारेटवरून बेतलेली सेथ मालकाकडे परत जात नाही. ती ओहायोतच राहते, आणि मारलेली मुलगी तरुण स्त्रीचं रूप घेऊन तिच्या दारात येते. कागद थांबतो नेमक्या त्या जागी ही कादंबरी सुरू होते. १९९२ च्या ‘जॅझ’चंही तसंच. हार्लेममधले छायाचित्रकार जेम्स व्हॅन डर झी यांच्या मृतांच्या छायाचित्रांच्या पुस्तकाला मॉरिसन यांनी प्रास्ताविक लिहिलं होतं. त्यात प्रियकराच्या गोळीनं मेलेल्या एका मुलीचं छायाचित्र आहे. मारणाऱ्याला निसटता यावं म्हणून तिनं मरताना त्याचं नाव सांगितलं नाही. त्या न उच्चारलेल्या नावाभोवती ‘जॅझ’ उभी आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पहिली कादंबरी ‘द ब्लूएस्ट आय’ १९७० साली आली. तिचं बीज मात्र त्या हॉवर्डला शिकवत असताना एका लेखक-गटासाठी लिहिलेल्या कथेत होतं. म्हणजे कादंबरीकार आधी, संपादक नंतर. शिवाय ‘बिलव्हेड’ नोकरी सोडल्यावरच लिहून झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. नोकरीनं प्रतिभा दिली असं माझं म्हणणं नाही, आणि वेळ तर तिनं नक्कीच खाल्ला. पण ‘द ब्लूएस्ट आय’ एका मुलीची आणि एका गावाची गोष्ट आहे. ‘बिलव्हेड’ सहा कोटींहून अधिक मृतांना अर्पण केलेली आहे. एका घराच्या गोष्टीवर एवढ्या मृतांचं ओझं पेलण्याची ताकद मधल्या वर्षांत आली, आणि ती वर्षं जुन्या कागदांच्या आणि इतरांच्या हस्तलिखितांच्या सहवासात गेली होती. नोकरी सोडल्यावर, हडसन नदीकाठच्या घरी बसलेल्या असताना, त्यांना एकदम मोकळं वाटलं आणि स्त्रीच्या दृष्टीनं मोकळं असणं म्हणजे काय हा विचार मनात आला, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे. त्या विचाराला लगेच मार्गारेट गार्नर भेटली, कारण ती आधीपासून मनात होती.

दुसरा आक्षेप पुरस्काराविषयीचा, आणि तो अधिक कडवट आहे. जानेवारी १९८८ मध्ये ४८ कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या ग्रंथपुरवणीत जाहीर निवेदन दिलं, की मॉरिसन यांना नॅशनल बुक अवॉर्ड किंवा पुलित्झर अजून मिळालेलं नाही. काही आठवड्यांतच ‘बिलव्हेड’ला पुलित्झर मिळालं. हा दबावाचा विजय, असं तेव्हा बोललं गेलं. स्टॅनली क्राउच या कृष्णवर्णीय समीक्षकानं तर कादंबरीच भडक आणि भावनाट्य मांडणारी ठरवली होती. ‘बिलव्हेड’मध्ये काही जागी सूर चढतो, हे मला मान्य आहे. पण दबावाचं यश सहसा वर्ष-दोन वर्षांत विरतं. २००६ साली त्याच वर्तमानपत्रानं लेखक, समीक्षक आणि संपादकांना गेल्या २५ वर्षांतली सर्वोत्तम अमेरिकन कथात्म साहित्यकृती विचारली, तेव्हा सर्वाधिक मतं ‘बिलव्हेड’लाच पडली. त्या निवेदनाची धग तोवर केव्हाच शमली होती. आणि निवेदनामागचं दुःख फक्त एका लेखिकेपुरतं नव्हतं. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन निवेदनाच्या आदल्याच महिन्यात या दोन्हींपैकी एकही पुरस्कार न मिळता वारले होते.

५ ऑगस्ट २०१९ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी मॉरिसन गेल्या. ‘द ब्लॅक बुक’च्या १९७४ च्या मुखपृष्ठावर त्यांचं नाव नव्हतं, संपादकाचं नसतंच. २००९ साली ते पुस्तक पुन्हा छापलं गेलं तेव्हा त्याला मॉरिसन यांचं प्रास्ताविक होतं. गार्नरचं कात्रण आतल्या पानांत आजही वाचता येतं.