भाऊ दाजींच्या नावाचं माणूसखाऊ झाड

एप्रिल १८७४ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकात मादागास्करच्या जंगलातल्या माणूसखाऊ झाडाची हकिगत छापून आली. आठ फूट उंच, अननसासारखं खोड, शेंड्यावरून जमिनीपर्यंत लोंबणारी आठ काटेरी पानं आणि माथ्यावरच्या ताटात गुंगी आणणारा चिकट रस. तो रस प्यायला चढवलेल्या बाईला झाडानं आवळून संपवलं म्हणे. सगळं कपोलकल्पित! पण झाडाला नाव दिलं होतं ‘क्रिनॉइडा दाजीआना’, मुंबईच्या डॉ. भाऊ दाजींच्या सन्मानार्थ. अजिंठ्याच्या शिलालेखांचा अभ्यास करणारे तेच भाऊ दाजी लाड. त्याच वर्षी मे महिन्यात ते वारले.

पुढच्या वर्षी चार्ल्स डार्विन यांचा कीटकभक्षी वनस्पतींवरचा ग्रंथ आला. खऱ्या मांसाहारी वनस्पतींकडे पाहिलं, तर त्या कल्पित झाडाची भूकच मुळात चुकलेली होती. या वनस्पती पोट भरण्यासाठी शिकार करत नाहीत. साखर त्या उन्हात स्वतःच तयार करतात, किड्यांकडून हवं असतं ते नायट्रोजन आणि फॉस्फरस. म्हणून त्या निकस, ओल्या जागी वाढतात. कासच्या सड्यावरची निळी-जांभळी ‘सीतेची आसवं’ त्यांपैकीच.

मग नांदेड-लातूरच्या काळ्या रानात ही मंडळी कुठं शोधायची? आपल्याकडे तळ्याच्या साचलेल्या, संथ पाण्यात बघावं. तिथं सीतेच्या आसवांचीच भावंडं, युट्रिक्युलॅरिया प्रजातीतल्या पाणवनस्पती, मुळांशिवाय तरंगतात. वर इवलीशी पिवळी फुलं, खाली केसांसारख्या पानांवर मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे फुगे. फुग्यातलं पाणी ग्रंथी सतत बाहेर उपसतात, त्यामुळे आतला दाब घटतो आणि भिंती आत ओढल्या जातात. झडपेवरच्या केसाला पाणपिसूचा नुसता धक्का लागला की झडप उघडते, पाण्यासकट पिसू आत खेचली जाते आणि झडप मिटते. हे सगळं काही सहस्रांश सेकंदांत आटोपतं. डोळ्याचं पातं लवायलाही याहून कितीतरी जास्त वेळ लागतो! मग पाचकरस कामाला लागतात. अर्ध्या तासात सापळा पुन्हा सज्ज.

माझ्या मते मादागास्करच्या राक्षसापेक्षा हे कितीतरी थरारक आहे. पण शेतातलं खत पावसाबरोबर तळ्यात उतरलं, की शेवाळ आणि जलपर्णी फोफावून या नाजूक शिकाऱ्यांचं ऊन अडवतात. तळ्यावर गेलात तर यांची एक फांदी पांढऱ्या बशीत, थोड्या पाण्यात ठेवा आणि भिंगातून बघा. रिकामे फुगे पारदर्शक दिसतात, शिकार पकडलेले काळपट.