मुलाच्या हाती पहिली गाडी: जुनी एसयूव्ही घेताना काय पाहावे

व्यापारी कुटुंबात मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि दुकानात किंवा कारखान्यात हातभार लावू लागला की घरात गाडीचा विषय निघतो. मालेगावहून भिवंडीला सौद्यासाठी जाणे, वसुलीसाठी बाहेरगावी फिरणे, लग्नसराईत सारे घर घेऊन निघणे, या सर्व कामांना एकच गाडी हवी असते. नवी गाडी आवाक्याबाहेर असते आणि व्याजाचे कर्ज अनेकांना नको असते. म्हणून रोख रकमेत बसणारी जुनी, उंच, सात आसनांची गाडी पसंत केली जाते. "गाडी मोठी आहे, पत्रा जाड आहे, मुलगा सुरक्षित राहील," असे वडीलधारे म्हणतात. हा समज अर्धाच खरा आहे. नवशिक्याला गाडीचा मोठेपणा वाचवीत नाही. त्याला वाचवितात ती गाडीतील सुरक्षेची साधने आणि घरातील शिस्त.

मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी नव्हे

उंच गाडीचा भार जमिनीपासून वर असतो. समोर अचानक जनावर आले आणि चालकाने घाबरून स्टीअरिंग जोरात फिरविले, तर अशी गाडी कलंडण्याचा धोका साध्या मोटारीपेक्षा अधिक असतो. टपावर कॅरिअर लावून सामान चढविले की हा धोका आणखी वाढतो. अनुभवी चालक अशा वेळी आधी वेग कमी करतो. नवशिका मात्र आधी स्टीअरिंग फिरवितो, आणि कसारा घाटात किंवा कोकणातील वळणांवर ही चूक महागात पडते.

जाड पत्र्याचेही तसेच आहे. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील काही गाड्यांची धडक चाचणी घेतली. त्यात एअरबॅग नसलेल्या महिंद्र स्कॉर्पिओला मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. याच संस्थेच्या चाचणीत २०१८ साली आकाराने लहान असलेल्या मारुती विटारा ब्रेझाला चार, त्याच वर्षाच्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला पाच आणि २०२० च्या जानेवारीत महिंद्र एक्सयूव्ही ३०० ला पाच तारे मिळाले. या तिन्ही गाड्यांत पुढे दोन एअरबॅग होत्या. म्हणजे कंपनीचे नाव किंवा गाडीची लांबी पाहून निर्णय करता येत नाही. नेमके मॉडेल, त्याचे साल आणि त्यातील साधने पाहावी लागतात.

१ जुलै २०१९ ही तारीख लक्षात ठेवावी

आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. या ब्रेकमुळे जोरात पाय दाबला तरी चाके जाम होत नाहीत आणि गाडी वळविता येते. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा इशारा, मागे घेतानाचा सेन्सर आणि वेगाचा इशारा ही साधनेही बंधनकारक झाली. वेगाचा इशारा ताशी ८० किलोमीटरनंतर अधूनमधून आणि १२० नंतर सतत वाजतो. २०२२ पासून चालकाशेजारच्या आसनालाही एअरबॅग आली.

यावरून एक साधा नियम काढता येतो. त्याच पैशात २०१३ ची सात आसनी गाडी आणि २०१९ नंतरची पाच आसनी लहान एसयूव्ही मिळत असेल, तर मुलासाठी दुसरी घ्यावी. २०१९ पूर्वीचीच घ्यावी लागली, तर एबीएस आणि पुढील दोन्ही एअरबॅग असलेली वरची श्रेणी शोधावी. घसरणाऱ्या गाडीला आपोआप सावरणारी ईएससी ही यंत्रणा मिळाली तर उत्तमच. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही संस्था किशोरवयीन चालकांसाठी योग्य अशा जुन्या गाड्यांची यादी काढते. तिच्या कसोट्यांत ही यंत्रणा आवश्यक मानलेली आहे. फार ताकदीची गाडी आणि फार लहान, हलकी गाडी, या दोन्ही तरुणांना देऊ नयेत असेही ती सांगते.

इंधनाचा विचारही करावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडविणारी गाळणी असते. रोज घर ते दुकान एवढीच फेरी असेल तर ती तुंबते आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. अशा वापराला पेट्रोलची गाडी बरी.

सौद्यापूर्वीची तपासणी

दलालाच्या शब्दावर किंवा ताज्या पॉलिशवर भुलू नये. ओळखीचा मिस्त्री बरोबर घ्यावा आणि गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी.

चावी फिरविताच एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून काही क्षणांत विझले पाहिजेत. दिवा विझत नसेल तर यंत्रणेत बिघाड आहे. दिवा मुळीच लागत नसेल तर अधिक सावध व्हावे, कारण अपघातात फुटलेली एअरबॅग न बदलता केवळ दिवा बंद केलेला असू शकतो. प्रत्येक सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहावा आणि झटका दिल्यावर तो अडकतो की नाही हे तपासावे. टायरवर चार आकडी खूण असते. "२३१९" असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी चांगली दिसली तरी फार जुना टायर बदलून घ्यावा आणि तो खर्च किमतीतून वजा करावा.

किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावा. सुरू इंजिनवर तेलाचे झाकण उघडल्यास जोरात धूर येत असेल तर इंजिन झिजले आहे. दरवाज्यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या नसतील किंवा रंगात फरक असेल तर गाडी ठोकली गेली असण्याची शक्यता धरावी.

कागदपत्रे

आर.सी. वरील चॅसी आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळवावेत. थकलेले चलन आणि बँकेचा बोजा सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर पाहावा. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घ्यावा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. परराज्यातील गाडी स्वस्त वाटते, पण तिला तेथील ना-हरकत पत्र लागते आणि येथे कर भरावा लागतो. तो हिशेब आधी करावा.

आपली जुनी गाडी विकणाऱ्यांनीही सावध राहावे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघाताच्या दिवशी नोंदणीत ज्याचे नाव आहे, तोच भरपाईच्या दृष्टीने मालक. गाडी हातातून गेली तरी नाव बदलेपर्यंत जबाबदारी जात नाही.

विम्यातील दोन मेखा

पहिली मेख मालाची. खासगी मोटारीच्या विम्यात नमुने व प्रवासी सामान यांखेरीज मालाची वाहतूक वगळलेली असते. मागील आसने पाडून कापडाच्या गाठी किंवा भांड्यांची पोती भरली आणि अपघात झाला, तर कंपनीला भरपाई नाकारण्यास आधार मिळतो. मालासाठी टेम्पोच करावा.

दुसरी मेख चालकाची. पॉलिसीतील १५ लाखांचे सक्तीचे अपघात संरक्षण फक्त मालक-चालकाला असते. गाडी वडिलांच्या नावे आणि चालविणारा मुलगा असेल, तर ते त्याला लागू होत नाही. त्याच्यासाठी व प्रवाशांसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे. त्याचा हप्ता थोडा असतो.

वयाची सवलत नाही

अठरा पूर्ण होण्याआधी मोटारीची चावी मुलाच्या हाती देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटार अपघातात दोन तरुण अभियंत्यांचे प्राण गेले, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली होती.

पक्का परवाना हाती आला म्हणजे शिक्षण संपले असेही नाही. पहिले सहा महिने घरातील जाणत्याने शेजारी बसावे. रात्री, पावसात आणि घाटात एकट्याला पाठवू नये. मित्रांनी भरलेली गाडी तर मुळीच देऊ नये, कारण समवयस्कांच्या गलक्यात तरुण चालकाचे लक्ष उडते आणि वेग वाढतो. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावलाच पाहिजे. अब्बा स्वतः बेल्ट लावीत नसतील तर मुलगा लावणार नाही.

वर्षानुवर्षे जमविलेले दुकानाचे भांडवल एका अपघाताच्या दाव्यात जाऊ शकते, आणि गेलेला जीव तर कोणत्याही भरपाईने परत येत नाही. म्हणून गाडी पाहताना प्रथम एअरबॅग व ब्रेक, मग कागदपत्रे, मग इंजिन आणि सर्वांत शेवटी आसनांची संख्या व रुबाब, असा क्रम ठेवावा. सौदा दोन महिने लांबला तरी चालेल.