जुन्या जिप्सीचे प्लग आणि तारा

ज्या घरांत सात-आठ माणसें एकदम प्रवासास निघतात, तेथें जिप्सी गाडीचें नांव अजूनहि मायेनें घेतलें जातें. मारुतीनें ती १९८५ सालीं बाजारांत आणली, सैन्यानें मोठ्या संख्येनें स्वीकारली, आणि २०१९ च्या सुमारास सामान्य गिऱ्हाइकांसाठीं तिचें उत्पादन थांबलें. तथापि कोंकणांत व घाटमाथ्यावर ती आजहि कित्येक घरांच्या अंगणांत उभी आहे, आणि देवदर्शनापासून लग्नकार्यापर्यंत सर्व ओझें वाहते आहे.

अशा गाडीची एक ठराविक तक्रार असते. सपाटीवर ती सुरळीत चालते. घाट लागला आणि मागें माणसें भरलेलीं असलीं, कीं हिसके देऊं लागते. मिस्तरी लोक यास ‘मिसिंग’ म्हणतात. मग कार्बोरेटर साफ होतो, पेट्रोलच्या पंपावर भेसळीचा आळ येतो, कोणी नवे प्लग घालून देतो. आणि पुढच्या पावसाळ्यांत गाडी पुन्हां ऐन वळणावर अडते. प्लग बदलावयाचे आणि त्यांच्या तारा मात्र जुन्याच ठेवावयाच्या, ही जी रीत पडली आहे, ती आमच्या मतें खोटी काटकसर होय.

हें असें कां होतें तें समजून घेण्याजोगें आहे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यापासून कॉइल हजारों व्होल्टचा दाब निर्माण करते. हा दाब डिस्ट्रिब्यूटरमधून पाळीपाळीनें चार प्लगांकडे जातो, आणि प्लगाच्या टोंकाशीं असलेल्या एक मिलिमीटरहूनहि कमी फटींतून ठिणगी उडते. बॉश यांच्या कारखान्यांतील गोट्लोब होनोल्ड यांनीं १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याचा प्लग सिद्ध केला, तेव्हांपासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाहीं. इंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग मिनिटास १,००० वेळां ठिणगी टाकतो. ताशीं सरासरी ४० किलोमीटर वेग धरला, तर २०,००० किलोमीटरांत एका प्लगास तीन कोटि ठिणग्या पडतात! प्रत्येक ठिणगीगणिक धातूचा अणुरेणु झिजतो, कडा बोथट होतात, आणि फट रुंदावते.

आतां घाटाची गोष्ट. चढावर ॲक्सिलरेटर दाबला म्हणजे सिलिंडरांतील मिश्रणाचा दाब वाढतो, व दाबलेल्या वायूंतून ठिणगी उडविण्यास अधिक व्होल्ट लागतात. फट आधींच रुंदावलेली. अशा वेळीं विजेस तारेच्या कवचांतील एखादी भेग अधिक सोयीची वाटते, आणि ती तेथूनच इंजिनाच्या लोखंडांत उतरते. एक सिलिंडर मुका होतो, म्हणजे चारांतील एका बैलानें जूं टाकल्यासारखें झालें. न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढतें, तें नुकसान वेगळेंच.

तारांचा गाभा बहुधा तांब्याचा नसतो, कार्बन मुरविलेल्या धाग्यांचा असतो. रेडिओंत खरखर होऊं नये म्हणून त्यास मुद्दाम विद्युत्-रोध दिलेला असतो. इंजिनाच्या उष्णतेनें हा गाभा कालांतरानें तुटक होतो, वरचें रबर कडक पडतें, आणि समुद्रकांठच्या दमट हवेनें टोंकाच्या धातूवर गंज चढतो. परीक्षा सोपी आहे. रात्रीं गाडी उघड्यावर न्यूट्रलमध्यें, हातब्रेक ओढून चालूं ठेवावी, दिवे मालवावे व तारांवर दुरून पाण्याचा बारीक फवारा मारावा. निळसर ठिणग्या नाचतांना दिसल्या, कीं निदान झालें. मात्र त्या वेळीं तारांस हात लावूं नये; आणि घरांतील ज्या वडील माणसास पेसमेकर बसविला असेल, त्यानें या तमाशापासून दूरच असावें.

बदलण्याचें काम सुट्टीच्या सकाळीं, इंजिन पूर्ण थंड असतां करावें. जिप्सीचें हेड ॲल्युमिनियमचें आहे. तापलेल्या हेडमधून प्लग ओढून काढला तर आटे जातात, आणि मग दोन तासांचें काम दोन दिवसांचें होतें. प्लग सोडविण्यापूर्वीं त्याच्या खांचेंतील धूळ फुंकून काढावी, नाहींतर ती थेट सिलिंडरांत पडते. तार ओढतांना टोंकाची रबरी टोपी धरावी, तार नव्हे. कार्बोरेटरच्या जिप्सीस चार तारा प्लगांच्या व एक कॉइलची, अशा पांच तारा असतात. इंजिन १-३-४-२ या क्रमानें पेटतें. हा क्रम पाठ असला तरी एका वेळीं एकच तार काढावी व तिच्या जागीं तितक्याच लांबीची नवी बसवावी. डिस्ट्रिब्यूटरची टोपी व आंतील रोटर त्याच वेळीं पाहून घ्यावे. आंत बारीक काळ्या रेषा दिसल्या तर तीं दोन्हीं बदलावींत.

नव्या प्लगाची फट हस्तपुस्तिकेंत दिल्याबरहुकूम फिलर गेजनें मोजावी. नंतर प्लग पान्यानें नव्हे, बोटांनीं आंत फिरवावा; हात पोंचत नसेल तर प्लगाच्या वरच्या टोंकास रबरी नळीचा तुकडा लावावा. आटा तिरपा बसूं लागला तर नळी आपोआप घसरते, हा तिचा मोठा गुण. वॉशर टेंकल्यावर नवा प्लग पान्यानें अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळावा. ‘अजून थोडा’ म्हणून जोर करणाऱ्या हौशी पुतण्यास बाजूस ठेवावें.

काढलेले प्लग क्रमानें मांडून ठेवणें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें, आणि नेमकें हेंच कोणी करीत नाहीं. टोंक फिकट तपकिरी असेल तर इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जातें. पांढरेंफटक व फुगवट आलेलें टोंक अति उष्णतेचें लक्षण. तेलकट, ओलसर काळें दिसलें तर रिंगा किंवा वॉल्व्हचे सील झिजले आहेत. अशा इंजिनांत महाग इरिडियमचे प्लग घालणें व्यर्थ, कारण तेहि लवकरच तेलानें माखतील. चारांपैकीं एकच प्लग निराळा दिसला, तर मिस्तऱ्यास नेमका तो सिलिंडर दाखवितां येतो व अंदाजानें होणारा खर्च वांचतो.

जुन्या तारांतील सर्वांत लांब तार धड असल्यास फेंकूं नये. ती कोणत्याहि सिलिंडरपर्यंत पोंचते. प्लगपान्यासह कापडांत गुंडाळून ती आसनाखालीं ठेवावी.