पावाचा तुकडा आणि कुरव

आपल्या दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातून समुद्र दिसत नाही. दिसतात ती गोदामे, कारखाने आणि आपल्या इमारती. समुद्र भेटायचा तर गाडी काढावी लागते. गेल्या जानेवारीत आम्ही चार कुटुंबे अशीच किनाऱ्यावर गेलो होतो. वडापावासाठी नेलेल्या लादीतले दोन पाव मुलांनी पाखरांपुढे उधळले आणि क्षणात शंभरेक पांढरे पक्षी डोक्यावर घिरट्या घालू लागले. "काका, हे बीच साफ करतात ना?" एका चिमुरडीने विचारले. मी "हो" म्हणून मोकळा झालो. उत्तर अर्धेच होते.

सीगलला मराठीत सुरेख नाव आहे, कुरव. मेलेली मासळी, खेकडे, किडे, जाळ्यातून टाकून दिलेले, असे सारे तो खातो, म्हणून किनाऱ्याचा झाडूवाला हे खरेच. पण त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे. तो समुद्रात जेवतो आणि विष्ठा टाकतो जमिनीवर. त्यातला नत्र आणि स्फुरद ओसाड बेटावरच्या झुडपांना मिळतो, आणि उरलेला भरतीबरोबर पुन्हा पाण्यात जातो. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर शास्त्रज्ञांनी याचे मोजमाप केले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, उंदीर नसलेल्या, समुद्रपक्ष्यांनी गजबजलेल्या बेटांभोवतीच्या प्रवाळात माशांचे एकूण वजन उंदरांच्या बेटांपेक्षा 48 टक्के जास्त भरले. तेथील पक्षी प्रामुख्याने कुरवाचे भाईबंद होते, पण हिशेब तोच.

मग पाव टाकला तर बिघडले कुठे? पावाने पोट भरते, अंग पोसत नाही, हे एक. मोठी गोष्ट वेगळीच. कुरव काही साधुसंत नव्हे. दुसऱ्यांची अंडी आणि पिल्ले तो सर्रास पळवतो. माणसाचे खरकटे मुबलक मिळाले की कुरव वाढतात आणि शेजारी घरटी करणाऱ्या सुरयांची पंचाईत होते. युरोप-अमेरिकेत उघड्या कचराडेपोंच्या काळात हेच घडले. शारजाच्या सर बु नायर बेटावर (2013 पासून रामसर स्थळ) कुरव आणि चोचीची कासवे एकाच वाळूवर अंडी घालतात. तेथे हा तोल नाजूक आहे.

मुंबईकरांना हे नवे नाही. गेटवेहून एलिफंटाला जाताना लाँचमागे कुरव लागतात आणि उतारू वेफर नि गाठिया भिरकावतात. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवर जन्मलेले असतात. एवढे हिमालय ओलांडून यायचे, ते गाठियासाठी!

आमच्या किनाऱ्यावरचे बरेचसे काळ्या डोक्याचे होते, म्हणजे हिवाळ्यात पांढऱ्या डोक्याचे, डोळ्यामागे फक्त काळा ठिपका. मार्चच्या सुमारास ते उत्तरेची वाट धरतात. उन्हाळ्यात, आपली मुले सुट्टीला भारतात असतात तेव्हा, काळपट तपकिरी सूटी गल इथल्या बेटांवर घरटी करतो आणि तापलेल्या वाळूत पिल्लांवर स्वतःच्या अंगाची सावली धरून उभा राहतो. त्या चिमुरडीला उरलेले अर्धे उत्तर मी पुढच्या सहलीत सांगितले. तिने पिशवीतला पाव बाहेर काढलाच नाही; दुर्बीण मात्र शेवटपर्यंत कोणाला दिली नाही.