मुका रुग्ण

मांजर आजारी पडले की बहुधा ओरडत नाही. ते गप्प होते. गाय हंबरते, कुत्रे लंगडत धन्याजवळ येते; मांजर मात्र पिंपामागे किंवा माळ्यावरच्या अडगळीत जाऊन बसते. रानात एकट्याने हिंडणाऱ्या त्याच्या पूर्वजांना आपला दुबळेपणा शत्रूच्या नजरेस पडू देणे परवडत नसे. हजारो वर्षे माणसाच्या सहवासात काढूनही ती सवय सुटलेली नाही. त्यातून त्याची घुरघुर मोठी फसवी. सुखात असलेले मांजर घुरघुरते आणि वेदनेने व्याकूळ झालेलेही घुरघुरते!

तेव्हा पारख घरच्या माणसांनाच करावी लागते. बशीतले खाणे तसेच राहिले, अंग चाटणे थांबले, केस विस्कटले, की काहीतरी बिघडले असे समजावे. ‘दोन दिवस उपास घडला म्हणून काय झाले?’ असे कोणी म्हणेल. पण मांजराला उपास मानवत नाही. अन्न मिळेनासे झाले की अंगातील चरबी यकृतात साठू लागते व यकृताचे काम मंदावते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक. बोका लघवीसाठी वारंवार बसत असेल आणि थेंबही पडत नसेल, तर त्याचा अरुंद मूत्रमार्ग तुंबलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे जिवावर बेतते.

याहून घातक म्हणजे घरगुती डॉक्टरकी. ताप उतरावा म्हणून माणूस घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या शरीराला पचवता येत नाही. तिने रक्तातील तांबड्या पेशी बिघडतात व रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. एका गोळीनेही मांजर दगावू शकते. मुळात मांजराचे अंग माणसाच्या हाताला ऊनच लागते. कारण निरोगी मांजराचे तापमान सुमारे १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते.

मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आज तालुक्याच्या गावीही गुरांचे दवाखाने असतात. तेथे मांजराला कडेवर घेऊन जाऊ नये. वाटेत कर्णा वाजला की ते उसळून पळते. झाकणाची टोपली घ्यावी, तळाशी त्याच्याच अंथरुणाचा तुकडा घालावा आणि वरून कापड टाकावे. अंधारात मांजर शांत राहते.

डॉक्टर आधी हात लावीत नाहीत, विचारतात. केव्हापासून खात नाही? पाणी किती पिते? उलटी झाली का? म्हणून रोज खाऊ घालणाऱ्यानेच बरोबर जावे. मग ते हिरड्या पाहतात. त्या फिकट असतील तर रक्त कमी झाल्याची शंका येते. पिवळट असतील तर काविळीची. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात; ती सावकाश खाली बसली, तर शरीरातले पाणी आटले असावे. मिनिटाला दीडशे-दोनशे ठोके पडले तरी ते घाबरत नाहीत. मांजराचे हृदय तेवढ्या वेगाने चालतेच.

घरी परतल्यावर एक गंमत घडते. घरातले दुसरे मांजर या रुग्णावर फिसकारते. कारण त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास येत असतो. दोघांना निराळ्या खोल्यांत ठेवावे. रुग्ण अंग चाटू लागला, की एकदोन दिवसांत त्याला पुन्हा घरचा वास येतो आणि जुनी ओळख पटते.