कैचीतला मधला खांब नेमकं काय करतो?

छपराची अगदी साधी कैची डोळ्यांपुढे आणा. दोन तिरपे वासे, त्यांचे पाय एकमेकांना बांधणारी आडवी पट्टी, आणि शेंड्यापासून पट्टीच्या मध्यापर्यंत उतरलेला उभा खांब. या खांबाबद्दल विचारलं, तर बहुतेक जण सांगतात की तो छपराचा भार खाली आणतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकणारी मुलंही बऱ्याचदा हेच सांगतात. पण खांबाखाली भिंत नाही, जमीन नाही. भार खाली आणून तो ठेवणार कुठे?

आकडे घेऊन पाहू. गाळा 8 मीटर, उंची 3 मीटर. म्हणजे प्रत्येक वासा 5 मीटर. शेंड्यावर 24 किलोन्यूटन भार आहे. कैचीचं स्वतःचं वजन तूर्त सोडून दिलं, तर दोन्ही आधार 12-12 किलोन्यूटन उचलतात. आता डावा सांधा सुटा करा. तिथे आधार 12 ने वर ढकलतो आणि ते तोलायला फक्त वाशाचा उभा घटक आहे. वाशाचा चढ 5 ला 3, म्हणून वाशातलं बल 20, आणि ते दाबाचं. त्याचा आडवा घटक 16, तो पट्टीने ओढून धरला आहे. पट्टीत 16 चा ताण. आता खालचा मधला सांधा पाहा. पट्टीचे दोन तुकडे एकाच रेषेत, उभा मेंबर (कैचीचा प्रत्येक सुटा तुकडा म्हणजे मेंबर) एकटा, सांध्यावर भार नाही. उभ्या दिशेने तोलायला समोर कोणीच नसल्यामुळे खांबातलं बल शून्य.

इथून दुसरा गैरसमज जन्मतो: बल शून्य, म्हणजे मेंबर बिनकामाचा, काढून टाका. हा गैरसमज सगळ्यांत घातक आहे. शून्य हे उत्तर त्या एका भारापुरतंच असतं. त्याच मधल्या सांध्याला चेन ब्लॉक लावून 6 किलोन्यूटनचा माल टांगा. खांबात लगेच 6 चा ताण येतो, वाशांतलं बल 25 वर जातं आणि पट्टीतलं 20 वर. म्हणजे ज्याला आपण खांब म्हणतो, तो प्रत्यक्षात शेंड्यावरून लोंबकळतो आणि खालची पट्टी उचलून धरतो. माल टांगलेला नसला तरी 8 मीटर लांबीची पट्टी स्वतःच्या वजनाने झोळ खाते, तो झोळ हाच मेंबर अडवतो. काही शून्य-बल मेंबर आणखी एक काम करतात: दाबातल्या लांब मेंबराला मधे धरून ठेवतात. सडपातळ मेंबराची मोकळी लांबी निम्मी झाली, की तो वाकण्याआधी चौपट दाब सोसू शकतो. शेडमधला एखादा अँगल नुसताच लावलेला दिसला, म्हणून तो कापायला निघालेल्या माणसाने हे आधी ऐकायला हवं.

उत्तरात वजा चिन्ह आलं, की अनेक विद्यार्थी गणित खोडून पुन्हा सुरू करतात. तशी गरज नसते. प्रत्येक मेंबर ताणात आहे असं गृहीत धरून सांध्यापासून दूर जाणारे बाण काढले असतील, तर वजा चिन्ह एवढंच सांगतं की तो मेंबर दाबात आहे. पण हे चिन्ह आकड्याइतकंच जपायला हवं. प्लास्टिकची फूटपट्टी दोन्ही टोकांनी ओढा, काही होत नाही. तेवढ्याच जोराने दाबा, ती बाजूला वाकते. कॅनडातला क्वेबेक पूल 29 ऑगस्ट 1907 रोजी बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि 75 कामगार दगावले. त्याची सुरुवात दाबातला खालचा मेंबर वाकण्यापासून झाली होती.

जाड मेंबर जास्त बल घेतो, ही समजूतही आपल्या कैचीपुरती खोटी आहे. वर कुठेही आपण पोलादाची जाडी वापरली नाही. वासे सागाचे असोत की लोखंडाचे, 20 हा आकडा तोच राहतो. जाडीने बदलतो तो प्रत्येक चौरस मिलिमीटरवर येणारा भार. मात्र जादा मेंबर किंवा जादा आधार देऊन कैची नुसत्या समतोलाच्या समीकरणांनी सुटेनाशी झाली, की जाडीचा संबंध येतो. बल खरोखर बदलतं ते आकाराने. हीच कैची 3 ऐवजी 1.5 मीटर उंच करा, पट्टीतला ताण 16 वरून 32 होतो. छप्पर बसकं केलं की लोखंड वाचलं, असं मानणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

एका मधल्याच मेंबराचं बल हवं असेल, तर सगळे सांधे ओळीने सोडवत बसायची गरज नसते. जर्मन अभियंते ऑगस्ट रिटर यांची छेदाची पद्धत 1860 च्या दशकापासून वापरात आहे. कैची मध्याच्या डावीकडे कापा आणि शेंड्याभोवती मोमेंट घ्या: 12 गुणिले 4 बरोबर पट्टीतलं बल गुणिले 3. उत्तर 16, एका ओळीत. छेद तीनहून जास्त मेंबरांतून जाताच कामा नये, असं मुलं घोकतात. बाकीचे सगळे मेंबर एका बिंदूत मिळत असतील, तर त्या बिंदूभोवती मोमेंट घेऊन उरलेला एक खुशाल काढता येतो.

मेंबरांची संख्या सांध्यांच्या दुपटीतून तीन वजा करून आली, की कैची स्थिर, हेही अर्धसत्य आहे. दोन चौकटी शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्ही कर्ण एकाच चौकटीत घाला. सांधे 6, मेंबर 9, गणित चोख जुळतं, आणि कर्ण नसलेली चौकट तिरकी होऊन पडते.

शेवटी, मेंबरांची बलं बरोबर आली म्हणून रचना सुरक्षित ठरत नाही. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा कैचीचा पूल 1 ऑगस्ट 2007 रोजी नदीत कोसळून 13 जण मृत्युमुखी पडले. तपासात दोष सापडला तो सांध्यांवर मेंबर एकमेकांना जोडणाऱ्या गसेट प्लेटांत. त्या हव्या त्याच्या जेमतेम निम्म्या जाडीच्या होत्या. आपल्या हिशेबात सांधा हा कागदावरचा ठिपका असतो. तो ठिपका असतो म्हणूनच भारही नेमका सांध्यावर येतो असं आपण धरतो. पत्रे ज्यावर टेकतात ती आडवी पर्लिन दोन सांध्यांच्या मधे बसवली, की वाशाला दाब सोसता सोसता वाकावंही लागतं, आणि वरच्या 20 मध्ये ते वाकणं कुठेच धरलेलं नाही. म्हणून शेड बांधून घेत असाल, तर पत्रे चढण्याआधी वर नजर टाका: पर्लिन सांध्यावर बसली आहे का? नसेल, तर तो वासा वाकणं धरून तपासला आहे का, हे डिझाइन करणाऱ्याला विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत काम पुढे जाऊ देऊ नका.