आयटीआयनंतरची पहिली मुलाखत

फिटर किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेडची परीक्षा झाली की चाकण, भोसरी, वाळूज अशा औद्योगिक पट्ट्यांतल्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारांच्या मुलाखती होतात. समोर बसणाऱ्या अनेकांचं वय जेमतेम सतरा-अठरा असतं आणि अनोळखी साहेबापुढे बोलायची ती पहिलीच वेळ असते.

भीती बहुतेकांना इंग्रजीची वाटते. पण फिटरला हमखास विचारलं जातं ते वेगळंच: व्हर्निअर कॅलिपरचा लीस्ट काउंट किती? नेहमीच्या मेट्रिक कॅलिपरचा ०.०२ मिलिमीटर, साध्या मायक्रोमीटरचा ०.०१. नुसता आकडा पाठ असून भागत नाही. कधी टेबलावर एखादा जॉब ठेवून मापच घ्यायला सांगतात. म्हणून आदल्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये जाऊन हाताने मापं घेणं ही सर्वांत उपयोगी तयारी. दोन वर्षांत स्वतः केलेला एखादा जॉब, त्यात काय चुकलं आणि ते कसं सुधारलं, हे मराठीत मोठ्याने सांगून पाहावं. आरशापेक्षा मोठी बहीण किंवा मित्र समोर असलेला बरा, कारण ते उलट प्रश्न विचारतात.

गुणपत्रिका, आधार कार्ड, फोटो आणि झेरॉक्स आदल्या रात्रीच फाइलमध्ये लावाव्यात.

कायदाही माहीत हवा. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार किमान वय १४ आहे, धोकादायक उद्योगांत १८. उमेदवार अल्पवयीन असेल तर करार पालकाच्या सहीने होतो. शिकाऊ उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळतं. उलट त्याच्याकडेच ‘जागा पक्की करायला’ पैसे मागणाऱ्या एजंटाला सरळ नकार द्यावा.